पिक्चर क्लिअर होतं

केबलवाल्याच्या घरात वायरचे तुकडे साठतात. कोणी मुद्दाम आणून ठेवत नाही, ते आपले असतातच. पलंगाखाली, शिलाई मशीनच्या खणात, एकदा तर ज्वारीच्या पिठाच्या डब्यात! फेकायला घेतलं की पप्पा म्हणतात, "राहू दे, कामी येईन." किस्स्यांचं तसंच आहे. कधी साठले ते कळत नाही आणि फेकवत तर मुळीच नाहीत.

मी टीव्हीवरची विनोदी मालिका लिहिते. त्यामुळे लोकांना वाटतं, माझ्याकडे मुंबईच्या सेटवरचे, नटनट्यांचे किस्से ढिगाने असणार. सेट मी एकदाच पाहिलाय, आणि तिथे मला सगळ्यात जास्त आठवतो तो एसीचा गारठा. माझे किस्से आहेत जळगाव जामोदच्या आमच्या घरातले. इथे टीव्ही दाखवणारा एक, टीव्हीसाठी लिहिणारी एक, आणि या दोघांना अक्कल शिकवणारे बाकी सगळे!

*

आमच्या गच्चीवर पप्पांची जुनी डिश आहे. चार माणसं मांडी घालून जेवायला बसतील एवढी मोठी. आता सिग्नल फायबरने येतो, त्यामुळे ती उताणी पडून नुसती आभाळ बघत असते. उन्हाळ्यात आई तिच्यात जुनं लुगडं अंथरून कुरड्या वाळवते. बाकी वर्षभर ती माझी.

मी लहान होते तेव्हा ती तिरकी उभी असायची आणि गावाला टीव्ही दाखवायची. मला वाटायचं, मालिका आभाळातून पडतात. आधी डिशमध्ये, मग वायरीतून घरोघरी. नळाच्या पाण्यासारख्या. त्या पडताना बघायच्या म्हणून एका संध्याकाळी मी स्टूल लावून डिशमध्ये चढले आणि पाठ टेकून बसले. वर एकेक चांदणी लागत होती. खाली गल्लीतल्या खिडक्या टीव्हीच्या उजेडाने निळ्या झाल्या होत्या. पलीकडे सातपुडा हळूहळू काळा होत होता. आता पडेल, मग पडेल, म्हणत मी तोंड उघडं ठेवून वाट बघत बसले.

खाली गावभर बोंब! मालिकेतली सून पेटी घेऊन घराबाहेर निघाली आणि नेमक्या तेव्हाच सगळ्यांच्या पडद्यावर मुंग्या आल्या. पप्पा धावत गच्चीवर आले. मला बघितलं. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले,

"उतर बाई खाली. तुह्या पाठीमागं हिरोईन अटकली!"

*

पप्पांनी जन्मभर टीव्ही पाहिला, पण कार्यक्रम एकही पाहिला नाही. ते फक्त पिक्चर बघतात, म्हणजे पडद्यावरचं चित्र. रंग बरोबर आहेत का, कडा फाटतात का, चेहरे लाल तर होत नाहीत. त्यांची पद्धत ठरलेली आहे. टीव्हीच्या डोक्यावर दोन बोटांनी टकटक करायचं, मागे सरकायचं, मान डाव्या खांद्याकडे कलती करायची आणि एक डोळा बारीक करायचा. मग निकाल द्यायचा.

एका मालिकेतली नायिका मेली तेव्हा सगळी गल्ली आमच्या घरात रडत होती. आईचा पदर ओला, शेजारच्या शाहीन खालाची ओढणी ओली. पप्पा उठले. आम्हाला वाटलं, आईला पाणी द्यायला उठले. ते टीव्हीपाशी गेले, टकटक केली, मान कलती केली.

"लाल जास्त होऊन राह्यला."

आई कडाडली, "अवो, मेली ते! अन् तुमाले लाल दिसून राह्यला?"

"मेली तरी रंग तं बरोबर पायजे ना!"

आणि फोन. पप्पांचा फोन वाजला आणि त्यांनी उचलला नाही असं कधी झालेलं नाही. चुलतभावाच्या लग्नात, डोक्यावर अक्षता पडत असताना, पहिल्या रांगेतून त्यांचा खणखणीत आवाज आला होता, "बंद करून पुन्हा चालू करा! नाही झालं तं मी येतो!" नवरदेव अजून म्हणतो, काका, त्या दिवशी मी घाबरलो होतो.

*

खामगावच्या कॉलेजातून एम.ए. केलं, गॅदरिंगच्या एकांकिका लिहिल्या, मग मुंबईला नमुन्याचे सीन पाठवत राहिले आणि शेवटी घरी बसून 'वाटीभर साखर' या मालिकेची सहलेखिका झाले. दोन शेजारणी, एक साखरेची वाटी आणि ती कधीच वेळेवर परत जात नाही, अशी ती मालिका.

माझा पहिला एपिसोड लागला त्या संध्याकाळी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. लोक हसले. खोटं नाही सांगत, शाहीन खाला तर भिंतीला टेकून हसली. आईने डोळे पुसले. शेवटी नावं पळाली, त्यात माझंही पळालं, आणि गल्लीने टाळ्या वाजवल्या. पप्पा दारात उभे होते, मान कलती करून.

मी गर्दीतून वाट काढत त्यांच्यापाशी गेले. "पप्पा, कसं वाटलं?"

"पिक्चर क्लिअर होतं."

"अहो, पण गोष्ट?"

ते जरा विचारात पडले. मला बरं वाटलं. मग म्हणाले,

"आवाजबी बरोबर होता."

मी तडक गच्चीवर गेले आणि डिशमध्ये आडवी झाले. इतका राग आला होता की चांदण्यासुद्धा जास्त लाल वाटत होत्या! पडल्या पडल्या मनाशी ठरवलं. टीआरपी चॅनेलने बघावा. मला एकच प्रेक्षक पाहिजे. एक दिवस हा माणूस पिक्चर विसरेल आणि मी लिहिलेली गोष्ट बघेल. तोवर मी हरलेलीच.

*

मोठे बाबा, म्हणजे पप्पांचे थोरले भाऊ, शेजारच्या घरात राहतात, पण झोप सोडून सगळं आमच्याकडे करतात. एकदा चहाची बशी फुंकत त्यांनी विचारलं,

"मयुरे, तू करते काय नेमकं?"

"मालिका लिहिते."

"त्यात लिहाचं काय? नट बोलतातच ना."

"ते जे बोलतात ते मी लिहिते, मोठे बाबा."

"अवं पन त्याइले तोंड आहे ना!"

आता या पिढीला काय सांगायचं? पण मीही हट्टाला पेटले. संध्याकाळी त्यांना टीव्हीपुढे बसवलं, हातात माझ्या सीनचा कागद दिला आणि नट जे जे बोलेल त्यावर बोट ठेवत गेले. शब्द न् शब्द तोच. मोठे बाबा एकदा कागदाकडे, एकदा पडद्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. मला वाटलं, पटलं एकदाचं!

सीन संपला. ते पप्पांकडे वळून कौतुकाने म्हणाले,

"पोरगी लय हुशार आहे बे. ते लोक काय बोलनार हायेत, ते इले आधीच समजते!"

*

मुंबईची मीटिंग व्हिडिओ कॉलवर होते आणि व्हिडिओ चालेल एवढं नेट आमच्याकडे फक्त गच्चीवर मिळतं. त्यामुळे मी डिशमध्ये बसते, मांडीवर लॅपटॉप, डोक्यावर छत्री. तिकडे आमचे हेड रायटर सर असतात. सर कधीच चिडत नाहीत, फक्त 'बेटा' म्हणतात. 'बेटा' ऐकू आलं की समजायचं, सीन कापला.

एकदा एका सीनवर गाडी अडली होती. एका शेजारणीने दुसरीचा मिक्सर नेलाय आणि आता ती परत देत नाही. काय बहाणा सांगेल? सगळे डोकं खाजवत होते. पलीकडच्या गच्चीवर शाहीन खाला कपडे वाळत घालत होती. ती शिवणकाम करते आणि तिचे कान सुईहून बारीक आहेत. तिथूनच ओरडली,

"अगे, उसको बोल ना, मिक्सर को अब हमारे घर की आदत पड गई. वापस भेजूँगी तो रोएगा!"

कॉलवर सगळ्यांची डोकी वर झाली. मग सर म्हणाले, "हे कोण बोललं? लिहून घ्या, लिहून घ्या!"

ती ओळ मालिकेत गेली. ज्या दिवशी लागली, त्या दिवशी खाला नवा ड्रेस घालून आमच्याकडे आली, नटीच्या आधी स्वतःच ओळ म्हणून टाकली आणि वर आम्हालाच म्हणाली, "देखो, कैसी मेरी नकल करती!" सगळे हसले. नंतर मी तिला एकटीला गाठून विचारलं, खाला, सुचलं कसं? तिने सुईत दोरा ओवता ओवता सांगितलं,

"सुचना क्या? तुम्हारी मम्मी का मिक्सर दिवाली से मेरे घर में है."

*

सरांशी माझं एकदाच कडाक्याचं भांडण झालं. मी एक पात्र लिहून पाठवलं होतं. देवराव. स्वतःचा धंदा असलेला, ताठ मानेचा, वऱ्हाडी बोलणारा केबलवाला.

सर म्हणाले, "छान आहे बेटा. पण हा असा बोलतो ना, मग ह्याला वॉचमन करूया. धांदरट."

"काऊन?" मी चिडले की माझी प्रमाण मराठी आधी पळते.

"लोकांना पटत नाही गं. ही भाषा आली की लोक हसायला तयार होतात."

"सर, आमच्याकडे डॉक्टर वऱ्हाडीत इंजेक्शन देतात! वकील वऱ्हाडीत भांडतात! लोक वऱ्हाडीत प्रेमसुद्धा करतात, आणि ते पोरीला नीट समजतं!"

सर हसून हसून खुर्चीत मागे गेले. "बेटा, ही ओळ ठेव!"

"ओळ नका ठेवू सर. माणूस ठेवा."

सर खुर्चीत सरळ बसले. माझ्यामागे माकडांची एक टोळी पाण्याच्या टाकीवरून वायरवर उड्या मारत होती. बहुधा तिच्याकडे बघतच सर म्हणाले, "बरं. एक एपिसोड. मालक म्हणूनच येऊ दे. पण गोष्ट आण. नुसता ताठ माणूस म्हणजे गोष्ट नव्हे."

हे मात्र सर बरोबर बोलले. माझ्याकडे गोष्ट नव्हती.

*

त्या आठवड्यात मी डिशमध्ये पडून नुसती स्वप्नं बघत होते. डोळा लागला की देवराव आभाळातून वायर धरून खाली उतरायचा, माझ्यासमोर उभा राहायचा आणि विचारायचा, "बोला, काय तक्रार आहे?" मला काही सांगताच यायचं नाही.

एका दुपारी पप्पा वर फायबरची पेटी तपासत होते. मी सहज विचारलं, "पप्पा, कधी अशी तक्रार आली का, की टीव्ही ठीक होता आणि तरी बोलावलं?"

"येत होती ना. त्या नदीकडच्या म्हातारीची. दर शुक्रवारी."

"मग तुम्ही काय करायचे?"

"जावं लागे. टीव्ही एकदम बरोबर असे. पन ते म्हने, बस, पुरी सिरियल होईपर्यंत चेक कर. मी बसो."

"पूर्ण मालिका बघायचे? तुम्ही?"

"पिक्चर पाहत होतो मी. ते मले सांगे, हे कोनाची सून, ते कोनाचा जावई, कोनं कोनाले धोका देला."

"कळायचं तुम्हाला?"

"छे! पन ते इचारे, समजलं का तुले? मंग मान हालवावी लागे."

पप्पांनी पेटीचं झाकण लावलं. मी डिशमध्ये उठून बसले. लहानपणी इथेच बसून जे पडायची वाट बघत होते, ते शेवटी पडलं होतं!

*

एपिसोड लिहिला. सरांनी एकदाही 'बेटा' म्हटलं नाही. शूटिंग झालं. तारीख ठरली, तशी आईला शंका आली.

"हा देवराव टीव्हीवर टकटक करते म्हने. मान कलती करते म्हने."

"करतो."

"म्हंजे तू घरच्या मानसाचं सोंग काढलं? त्याइले लागलं म्हंजे?"

मोठे बाबा तर बसल्या जागी उभे राहिले. "मी सांगतलं होतं, पोरीले एवढं शिकवू नका! बापाले चव्हाट्यावर आनलं हिनं!"

"मोठे बाबा, तुम्हीच म्हणता ना की नट आपल्या मनाने बोलतात? मग नटाला विचारा!"

बोलून गेले, पण रात्री ताट अर्धं सोडून डिशमध्ये जाऊन पडले. तोवर मला एकच भीती होती, की पप्पा गोष्ट बघणारच नाहीत. आता नवी भीती. बघतील, आणि सगळ्या गल्लीदेखत त्यांना वाटेल की पोरीने हसं केलं. ज्या माणसाने मला डिशमध्ये बघून आवाजसुद्धा चढवला नव्हता, त्याचं.

*

एपिसोड लागला त्या संध्याकाळी गल्ली पुन्हा आमच्या घरात. खिडक्यांतून वारा येत होता. दिवे बंद, सगळ्यांचे चेहरे निळे, जसे काही आम्ही सगळे पाण्याखाली बसलो होतो. पप्पा खुर्चीत बसले होते. मी टीव्हीकडे पाठ करून आतल्या दाराच्या चौकटीला टेकले. मला टीव्ही बघायचाच नव्हता. मला पप्पा बघायचे होते.

देवराव आला. आवाजावरून कळलं. "नमस्कार आजी, काय होऊन राह्यलं टीव्हीले?" आमची भाषा, अख्ख्या महाराष्ट्राच्या टीव्हीवर, आणि कोणी धांदरट नाही! मग टकटक. दोन बोटांची.

सगळ्या खोलीने टीव्ही सोडून पप्पांकडे बघितलं. आईने पदर तोंडात धरला. मोठ्या बाबांनी घसा खाकरला. पप्पा हलले नाहीत.

तेवढ्यात त्यांच्या खिशात फोन वाजला. पप्पांनी हात खिशात घातला, आणि फोन बंद केला. परत वाजला. परत बंद.

मी मागे वळून टीव्हीकडे बघितलं. पडद्यावर सगळे चौकोन! देवरावच्या नाकाच्या जागी म्हातारीचा कान, म्हातारीच्या साडीत मधेच भिंत. चित्र अडकायचं, फुटायचं, हिरवं व्हायचं. वायरवर माकडं, दुसरं काय! आवाज तेवढा येत होता. माझ्या एवढ्या महिन्यांच्या एपिसोडचा भुसा झाला होता.

मोठे बाबा म्हणाले, "अबे, पाह्य ना..."

"चूप," पप्पा म्हणाले. नजर तिकडेच.

टीव्हीत म्हातारी देवरावला सांगत होती, कोण कोणाची सून, कोणी कोणाला धोका दिला. मग तिने विचारलं, "समजलं का तुले?"

पडद्यावर चौकोनांखेरीज काहीच दिसत नव्हतं. देवरावने मान हलवली, ती कोणालाच दिसली नाही. खोलीत पप्पांची मान हलली.

नावं पळाली. कोणी टाळी वाजवली नाही. शाहीन खाला नाक पुसत होती. आणि बाहेर गाड्या थांबल्या. धाडधाड दार वाजलं. पप्पांनी उठून दार उघडलं. दारात बाजारातले, नदीकडचे, पार खालच्या वेशीपासूनचे ग्राहक, आणि सगळे तापलेले.

"भाऊ, फोन काऊन उचलत नाही? सुरुवातीपासून पिक्चर फुटून राह्यलं! नुसते चौकोन! अन् पोरीचीच सिरियल होती ना आज?"

पप्पांनी त्यांच्याकडे बघितलं. मग वळून टीव्हीकडे. मग माझ्याकडे.

"कधी?"